चौदा इंचांतला खर्ज

आमच्या हॉलमध्ये सोफ्याचा हात आणि भिंत यांच्यामध्ये १४ इंच जागा आहे. तिथे वर्षानुवर्षं रद्दी साठायची. दोन महिन्यांनी रद्दीवाला यायचा, चार दिवस जागा मोकळी दिसायची, आणि मग पुन्हा पेपरांचा गठ्ठा चढायला लागायचा. डोंबिवलीतलं घर, हॉल १० बाय १२ फुटांचा. त्यात टीव्ही, सोफा, बाबांची खुर्ची, देव्हारा, चपलांचा रॅक आणि लेकीचं अभ्यासाचं टेबल. सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर, ठेवायचा कुठे, या प्रश्नाला घरात एकच उत्तर होतं.

बायकोच्या दोन अटी होत्या. रद्दी गेली तर तिला आनंदच होता, पण त्या खोक्यावर चहाचा कप ठेवता आला पाहिजे. आणि खालच्या काकूंची तक्रार एकदाही येता कामा नये. दोन्ही अटी मला तेव्हा किरकोळ वाटल्या. पुढच्या पाच महिन्यांत जे काही शिकलो, ते या दोन अटींमुळेच.

तयार का नाही घेतला, हे सगळ्यांनी विचारलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन फेऱ्या झाल्या. जे खोके खरोखर खालपर्यंत उतरत होते ते रुंदीला १५-१६ इंचांच्या पुढे. जे १४ इंचांत मावत होते, ते ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, आसपास येऊन दम टाकत होते. खोक्यावर मात्र हजार वॉटचा स्टिकर. पीएमपीओ नावाचा तो आकडा कशाचंच माप नाही, हे एकदा कळलं की दुकानातली निम्मी भिंत नजरेतून उतरते.

मला हवा होता खर्ज. इंग्रजी ‘बास’पेक्षा मला हा शब्द जवळचा आहे, कारण त्यात उतरणं आहे. गायक पहाटे खर्ज लावतो तेव्हा तो जोर करत नाही, खाली जाऊन बसतो. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर छाती हादरते ती जोराने. त्यात खाली जाणं फारसं नसतंच. त्या भिंतीशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला लहानपणीची एक गोष्ट परत हवी होती. बाबा आमच्या चाळीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. मी त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसायचो. टाळांचा, पेटीचा, गाणाऱ्यांचा आवाज कानांनी यायचा. पखवाजाच्या डाव्या बाजूचा, धुम्याचा ठोका मात्र फरशीतून यायचा, मांडीतून, बुडाखालून. झोप लागली तरी तो ठोका चालू आहे हे अंगाला कळत असायचं.

खालचा स्वर एवढा महाग का पडतो, हे मी लोकलमध्ये उभं राहून वाचत गेलो. माणसाच्या कानाची खालची हद्द साधारण २० हर्ट्झ मानतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धावतो, म्हणजे २० हर्ट्झची एक लाट १७ मीटर लांब झाली. माझा अख्खा हॉल ३.६६ मीटर. त्यात आपला कान खालच्या स्वरांना फार मंद. २० हर्ट्झचा आवाज जेमतेम ऐकू यायलाच ७५ डेसिबलच्या वर जावं लागतं. मधल्या पट्टीत तेवढ्या पातळीला आपण टीव्हीचा आवाज कमी करायला सांगतो. आणि सगळ्यात अवघड हिशेब हा की त्याच जोराने एक सप्तक खाली जायचं, तर चौपट हवा ढकलावी लागते. दोन सप्तकं खाली, तर सोळापट.

म्हणजे सबवूफर हा हवा ढकलण्याचा उद्योग आहे. मी घेतला तो ८ इंची स्पीकर, लांब पल्ल्याचा. त्याचा पडदा पुढे ९ आणि मागे ९ मिलिमीटर जाऊ शकतो. पडद्याचं क्षेत्रफळ २१० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर एका झोक्यात जवळपास ३८० मिलिलिटर हवा. आपण शांत बसलेलो असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. त्या श्वासापेक्षा थोडी कमी हवा, पण सेकंदाला कित्येक वेळा. हे लक्षात आल्यापासून मी त्या काळ्या पडद्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलो.

१२ इंची घेतला असता तर? त्याला खोकंही तसंच मोठं लागलं असतं, आणि माझी जागा रद्दीची होती. या क्षेत्रात एक लोखंडी नियम सांगतात. तो जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला एच म्हणजे हेच हॉफमन. लहान खोकं, खोल स्वर आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतील, तिसरं सोडावं लागेल. यातून कुणाची सुटका नाही. मी कमी विजेचा हट्ट सोडला. खोकं लहान, स्वर खोल. अ‍ॅम्प्लिफायर दमदार घेऊ, असं ठरवलं. अ‍ॅम्प्लिफायर टीव्हीखालच्या कप्प्यात मावत होता, तिथे १४ इंचांची अट नव्हती.

आता खोकं कुठल्या जातीचं? पहिला विचार पूर्ण बंद खोक्याचा. १९५४ साली एडगर विल्चर यांनी अमेरिकेत एआर-१ हा स्पीकर काढला, त्यात बंद खोक्यातली कोंडलेली हवाच पडद्याला स्प्रिंगसारखी वापरली, आणि कपाटाएवढ्या स्पीकरांच्या जमान्यात पुस्तकांच्या फळीवर बसेल एवढ्या खोक्यातून खालचा स्वर काढून दाखवला. लहान घरातल्या माणसाने या शोधाला खरं तर नमस्कार केला पाहिजे. बंद खोकं सोपं, स्वच्छ, चुका पोटात घालणारं. पण माझ्या ८ इंची पडद्याला ते साधारण ४५ हर्ट्झच्या खाली एकट्याने रेटायचं होतं, आणि त्याचा पल्ला तिथे संपत होता.

दुसरा मार्ग पोर्टचा. खोक्याला एक नळी बसवायची. नळीतली हवा आणि खोक्यातली हवा मिळून एका ठरावीक स्वराला घुमतात. अरुंद तोंडाच्या बाटलीवर फुंकर मारली की घुमते, तसंच. त्या स्वराच्या आसपास कष्ट नळी करते, पडदा विसावतो. हे सगळं कागदावर आधी मांडता येतं, याचं श्रेय ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांना, ज्यांनी १९६१ साली त्याचं गणित प्रसिद्ध केलं, आणि पुढे सत्तरच्या दशकात ते विस्ताराने मांडणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांना. आज कुठल्याही चांगल्या स्पीकरबरोबर जे आकडे येतात त्यांना या दोघांचंच नाव आहे. मी ते आकडे घेऊन बसलो. आतली निव्वळ जागा ३० लिटर, घुमायचा स्वर २८ हर्ट्झ, नळी १० सेंटिमीटर व्यासाची. उत्तर आलं: नळीची लांबी ९३ सेंटिमीटर. माझ्या खोक्याची उंचीच ४६. नळी निम्म्या व्यासाची घेतली तर २१ सेंटिमीटरांत भागतं, पण तेवढ्या बारीक नळीतून एवढी हवा ये-जा करायला लागली की फुसफुस ऐकू येते. खर्जात फुसफुस म्हणजे आलापात खोकला.

इथे मी आठवडाभर अडलो.

वाट निघाली ती पॅसिव्ह रेडिएटरमधून. दिसायला हुबेहूब स्पीकर. फक्त त्याला चुंबक नाही, तारेचं वेटोळं नाही, वीज नाही. नुसता पडदा, भोवती रबराची कड, आणि मागे मधोमध एक बोल्ट. खऱ्या स्पीकरने आतली हवा हलवली की हा आपोआप हलतो. नळीतल्या हवेचं जे वजन काम करतं, तेच काम याच्या पडद्याचं वजन करतं. ९३ सेंटिमीटर लांबीची हवा एका पडद्यात मावते! कल्पना जुनी आहे, हॅरी ओल्सन यांचं यावरचं पेटंट १९३५ सालचं. स्वर आणखी खाली हवा असेल तर बोल्टवर वजन चढवायचं.

हे मी एका रात्री जेवताना सांगत होतो. बाबा ७६ वर्षांचे आहेत, कानांत यंत्र आहे, जेवताना ते फारसं बोलत नाहीत. ते म्हणाले, “म्हणजे कणीकच की.”

मी थांबलो. खरंच की. पखवाजाच्या उजव्या पुडीवर शाई असते ती कायमची. डावीकडे, धुम्याला, वाजवायच्या आधी ओली कणीक लावतात. कणीक जास्त तर ठोका खाली, कमी तर वर. बाबांच्या बोटांना ते प्रमाण माहीत होतं. वाजवून बघायचे, चिमूटभर काढायचे, पुन्हा थापायचे. भजन संपलं की ती कणीक खरवडून काढायची. चामड्यावर नेमकं वजन ठेवलं की त्याचा आवाज कसा सुरात येतो, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं आहे, मृदंग-तबल्याच्या कारागिरांना ते त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून हाताने येत होतं. मी जे इंग्रजी लेखांतून आठवडाभर समजून घेत होतो, ते आमच्या माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं.

त्या दिवसापासून बाबांनी पॅसिव्ह रेडिएटरला नाव दिलं: मुकी पुडी. घरात आता तेच नाव आहे.

मुक्या पुड्या दोन घेतल्या, १० इंची, आणि खोक्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसवायच्या ठरवल्या. एकच मोठी घेतली असती तरी गणित जमलं असतं. पण एकच जड पडदा एकाच दिशेला मागेपुढे झोके घेत असेल, तर खोकंही त्याच्या उलट दिशेला हलू पाहतं. दोन समोरासमोर असल्या की दोघी एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जातात, आणि खोक्याला बसणारे धक्के एकमेकांना मारतात. चहाच्या कपाची अट इथे सुटली. खोकं २८ सेंटिमीटर रुंद केलं, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन सेंटिमीटर मोकळे राहिले, पुड्यांना श्वास घ्यायला.

लाकडाचं काम आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे. सगळीकडे एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी, वापरा असं लिहिलेलं असतं, आणि ते एकसंध, जड, आवाजाला मुकं असतं हे खरं. पण आमच्याकडच्या जुलैत एमडीएफची उघडी कड बिस्किटासारखी फुगते. मी १८ मिलिमीटरचं, आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का असलेलं प्लायवुड घेतलं. मिस्त्रींना मी मिलिमीटरमध्ये मापं दिली. त्यांनी कागद हातात घेतला, कानामागची पेन्सिल काढली आणि सगळी मापं इंच-सुतात लिहून काढली. इंचाचे आठ सूत. त्यांच्या हाताला सूत कळतं, मिलिमीटर वाचावा लागतो.

“साहेब, कपाट असतं तर दिवसात दिलं असतं. या खोक्याला एवढं कशाला?”

“मिस्त्री, यातून हवा सुटता कामा नये.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्लायच्या कडेकडे पाहिलं. “मग जोड रंधून घ्यावे लागतील,” म्हणाले आणि खरोखर प्रत्येक कड रंधून घेतली. फेविकॉल लावला, क्लॅम्प कमी पडले तिथे दोरी पिळून बांधली, सांध्यांत लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरला. आत मधोमध एक आडवी पट्टी टाकली, कारण ४६ बाय ३८ ची फळी एकटी असली की स्वतःच बोलायला लागते. एक भोक दोन सूत मोठं कापलं गेलं. जिगसॉ वळणावर सरकली. दोन सूत म्हणजे ६ मिलिमीटर. स्क्रूला पकडायला लाकूडच उरलं नाही. मिस्त्री बराच वेळ त्या भोकाकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी ६ मिलिमीटरच्या प्लायची एक कडी कापून आणली आणि आतून चिकटवली. ती कडी मूळ आराखड्यात असायला हवी होती, असं मला आता वाटतं. दुसऱ्या बाजूलाही तशीच करून घेतली.

गळती शोधायला बाबांच्या देव्हाऱ्यातली उदबत्ती वापरली. स्पीकरला अगदी खालचा स्वर दिला आणि उदबत्ती सांध्यांवरून हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात होता, जात होता, आणि मागच्या बाजूला तार बाहेर येते तिथे एकदम थरथरला. टाचणीएवढं भोक होतं. एम-सीलने बुजवलं.

मग मी घाई केली. पुड्यांवर वजन न चढवताच खोकं सोफ्याशेजारी ठेवलं आणि सिनेमा लावला. आवाज आला, भरपूर आला. पण स्फोट असो, दार आपटणं असो, ढग असो, सगळ्याला एकच ढुम्म. काहीही झालं तरी तोच स्वर. लेक म्हणाली, “बाबा, सगळं सारखंच वाटतंय.” खोलीचं गणित करायला बसलो तेव्हा उलगडा झाला. १२ फूट लांबीच्या खोलीत दोन भिंतींच्या मध्ये जो पहिला स्वर अडकून घुमतो, तो ४७ हर्ट्झचा. आणि वजन न लावलेल्या पुड्यांमुळे खोकं घुमत होतं ४६ ला. खोकं आणि खोली दोघांनी एकच सूर धरला होता आणि बाकी सगळ्यांना गप्प केलं होतं.

पुढचा रविवार माझ्या लक्षात राहील. सतरंजी अंथरली. खोकं पाठीवर आडवं केलं, स्पीकरचा पडदा छताकडे. फोनवर स्वर देणारं अ‍ॅप. बायकोचा केकचं सामान मोजायचा वजनकाटा. लोखंडी वायसरांची पिशवी. आणि मिसळणाच्या डब्यातली मोहरी.

मोहरीचं काम असं. खोकं ज्या स्वराला घुमतं, नेमक्या त्या स्वराला मुख्य पडदा जवळपास थांबतो आणि पुड्या सगळ्यात जास्त हलतात. हे डोळ्यांनी नीट दिसत नाही. म्हणून पडद्यावर मोहरीचे दहा-बारा दाणे टाकले. ६० हर्ट्झला दाणे तडतडत होते, फोडणीत पडल्यासारखे. स्वर हळूहळू खाली आणला. ५५, ५०, ४८. दाणे मंदावले. ४६ ला ते पडद्याच्या खोलगट भागात गोळा होऊन पडून राहिले, आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंच्या पुड्या इतक्या जोरात मागेपुढे होत होत्या की त्यांची कड धूसर दिसत होती. आवाज आहे, हवा हलते आहे, आणि ज्याला वीज दिली आहे तो पडदा निवांत. मी हे वाचलं होतं. तरी समोर पाहिलं तेव्हा हात थांबला.

प्रत्येक पुडीवर १०० ग्रॅम चढवले. मोहरी ३६ ला थांबली. १७५ ग्रॅम, ३१. दोन्हींकडे वजन तंतोतंत सारखं हवं, नाहीतर धक्के एकमेकांना मारत नाहीत. म्हणून प्रत्येक वायसर काट्यावर जात होता. बाबा खुर्चीतून उठून सतरंजीवर येऊन बसले होते. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. वयाने कानांचे वरचे स्वर जातात, खालचे त्या मानाने टिकतात. बाबांचंही तसंच आहे. यंत्र वरचे स्वर वाढवतं, या खालच्यांसाठी त्याचा उपयोग नाही. त्यांनी एका पुडीजवळ तळहात धरला, न टेकवता, पडद्याची हवा लागेल एवढ्या अंतरावर.

“अजून थोडी कणीक,” म्हणाले.

२५० ग्रॅमला मोहरी २८ वर थांबली. पाव किलो लोखंड इकडे, पाव किलो तिकडे. गणितातही साधारण तेवढंच आलं होतं. बाबांना गणित माहीत नव्हतं. हात तसाच धरून ते म्हणाले, “बस. इथे ठेव.”

या स्वराच्याही खाली गेलं की खोक्यातली हवा पडद्याला आवरत नाही आणि तो स्वैर धावायला लागतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये २३ हर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाकलं. ज्याला कुणाला अशा पुड्या लावायच्या असतील त्याने हे विसरू नये. एका सिनेमात स्पीकरचा जीव जाऊ शकतो.

सोफ्याला चिकटून सबवूफर ठेवणं ही मला आधी तडजोड वाटत होती. शास्त्रशुद्ध पद्धत अशी की सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा आणि आपण खोलीभर रांगत जिथे खर्ज सगळ्यात समतोल ऐकू येतो ती जागा शोधायची. मला रांगायला जागाच नव्हती. पण मोजणीचा माइक घेऊन, रूम ईक्यू विझार्ड या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर आलेख काढले तेव्हा कळलं की जवळ असण्याचा मोठा फायदा आहे. कानापासून हाताच्या अंतरावर असलेला सबवूफर खोलीच्या आधी आपल्यापर्यंत पोचतो. भिंतींनी घातलेला गोंधळ त्या मानाने कमी राहतो, आणि मुख्य म्हणजे एकूण आवाज कमी ठेवूनही अंगाला कळतो. समोरच्या स्पीकरांपेक्षा तो दोन-सव्वादोन मीटरने जवळ आहे, तेवढा त्याला सहा-सात मिलिसेकंद उशीर करायला लावला. ८० हर्ट्झच्या वरचं काही त्याला वाजवू दिलं नाही. त्याच्या वर गेलं की कान आवाजाची जागा ओळखायला लागतो, आणि मग ढगांचा गडगडाट उशीपाशी होतो. ४७ चा तो उंचवटा ९ डेसिबलने छाटला. उंचवटा छाटता येतो. जिथे भिंतीवरून परत आलेली लाट मूळ लाटेला खाऊन टाकते तो खड्डा मात्र कितीही वीज ओतली तरी भरत नाही. खोलीच्या बरोबर मध्ये, लेकीच्या टेबलापाशी, ४७ चा असा खड्डा आहे. ती खूश आहे.

राहिल्या खालच्या काकू.

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. फोनवरचं मीटर मला मर्यादेत दाखवत होतं. पण हे माप ज्या पद्धतीने घेतात, त्यात ३१.५ हर्ट्झच्या आवाजातून ३९.४ डेसिबल वजा करून मग आकडा दाखवतात. कानाला खालचं कमी ऐकू येतं म्हणून ही सवलत. भिंतीला आणि स्लॅबला मात्र उलटा नियम लागू आहे. आवाज जेवढा खाली, तेवढा भिंत त्याला कमी अडवते. म्हणजे मीटरला जे दिसत नाही तेच काकूंच्या घरात सगळ्यात जास्त पोचतं. आकडा दाखवून कुणाच्या घरात कंप पाठवायचा हक्क मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे फ्लॅट एकमेकांच्या डोक्यावर उभे आहेत. दुसऱ्याची झोप आपल्या फरशीवर टेकलेली असते.

मी बायकोला वर बसवलं आणि काकूंकडे खाली गेलो. त्यांचा नातू त्या वर्षी दहावीला. “आवाज नाही रे येत,” काकू म्हणाल्या, “पण काहीतरी येतं.” आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहिलो, फोनवर बायकोला एकेक स्वर वाजवायला सांगितला. ५६ ला मांडणीतलं एक स्टीलचं ताट किणकिणलं. ५६ म्हणजे माझ्या हॉलच्या १० फूट रुंदीचा स्वर. वर येऊन तोही छाटला, खोक्याखाली जाड रबराचे पाय लावले, आवाजाची वरची मर्यादा ठरवून त्या जागी नॉबवर खूण केली. नियमात दहा वाजेपर्यंत मुभा असली तरी आम्ही साडेनऊला बंद करतो. नातवाच्या परीक्षेचा महिनाभर खोक्यावर फक्त चहाचा कप राहिला. ३० हर्ट्झला कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उमटतात, पण सांडत नाही.

यानंतर मला वाटलं काम झालं. मग एका संध्याकाळी बाबांनी त्यांच्या मंडळाची कॅसेट काढली. जुन्या टेपरेकॉर्डरच्या आतल्याच माइकवर कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग. मी ती संगणकात उतरवून घेतली आणि लावली. टाळ आले, पेटी आली, बाबांचा उजवा हात खणखणीत आला. डावा आलाच नाही. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी आलेख उघडला. १०० हर्ट्झच्या खाली जवळपास सपाट. त्या इवल्याशा माइकने धुमा टिपलाच नव्हता. इतकी वर्षं ती कॅसेट टीव्हीच्या स्पीकरवर ऐकताना आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं की त्यात काय नाही. आता पाव-पाव किलोच्या पुड्या तयार होत्या आणि द्यायला काहीच नव्हतं.

“धुमा नाहीये यात,” बाबा म्हणाले. यंत्र त्यांच्या खिशात होतं.

पुढच्या रविवारी माळ्यावरून पखवाज काढला. ताणाच्या चामडी वाद्या सैल पडल्या होत्या, त्यांखालचे लाकडी गठ्ठे सरकले होते. एका जाणकार दुरुस्तीवाल्याकडे तो तीन आठवडे राहिला. परत आला त्या दुपारी बायकोने पोळ्यांच्या कणकेतून एक गोळा बाजूला काढून दिला. बाबांनी तो पाण्याचा हात लावून मऊ केला, डाव्या पुडीच्या मधोमध थापला, अंगठ्याने कडा पातळ केल्या. एक थाप मारली. मान हलवली. मोजणीचा माइक, ज्याने मी खोलीचे खड्डे शोधले होते, तो दोन फुटांवर उभा केला. बाबांचे हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत. त्यांनी साधा ठेका वाजवला, चार आवर्तनं.

मग मी ते लावलं, खुणेच्या जरा खालीच. बाबा सोफ्यावर, खोक्याच्या बाजूला, उघडा तळहात सोफ्याच्या हातावर. पहिली थाप फरशीतून आली. लेक टेबलावरून उठून येऊन खाली सतरंजीवर बसली. चौथं आवर्तन संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

“कणीक जास्त झालीये,” बाबा म्हणाले. पखवाज मांडीवर ओढला आणि नखाने कडेची थोडी खरवडायला लागले.